बेदाण्याच्या खोक्यातल्या सहा बाटल्या

शनिवार, फेब्रुवारीचा तिसरा. सातारा, सकाळी सव्वासात.

हजर: मी, सुनंदा, स्टिअरिंगवर. शेजारी माझे यजमान प्रतापराव, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त, सध्या रस्ता दाखवण्याच्या ड्युटीवर. मागच्या सीटवर, उंब्रजपासून पुढे, त्यांची थोरली बहीण, म्हणजे आक्का. एवढेच तिघे. मुक्काम एक रात्र, सांगलीला विश्रामबागेत, आक्कांच्या मुलीकडे.

आदल्या संध्याकाळी वहीत केलेली यादी अशी होती. एक, गाडीत हवा आणि पेट्रोल. दोन, आक्कांना उंब्रजहून घेणे. तीन, आक्कांचे डोळे तपासणे. चार, बेदाणे. पाच, वाइन, सहा बाटल्या, परवाना सोबत ठेवणे. सहा, गणपती आणि भडंग. सात, ह्यांना विचारणे.

पहिल्या सहा गोष्टी कोणीही करून येईल. सांगलीकडे जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून त्या मी नीट लिहिणार आहे. सातवी कशाबद्दल ते आधीच सांगते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या लग्नाच्या वाढदिवसाला मी पहिल्यांदा वाइन प्यायले. आवडली. घरी येऊन मीच म्हटलं, शनिवारी एकेक ग्लास घ्यायला काय हरकत आहे? प्रतापराव उठून दुसऱ्या खोलीत गेले. फौजेत असताना ते रम घ्यायचे. आक्कांचे यजमान दारूने गेले, त्यांच्या दहाव्याला नदीवरून येताना ह्यांनी आक्कांना सांगितलं, "मी सोडली." आणि खरोखर सोडली. आठ वर्षं थेंब नाही. घरात बाटली परत आली ती माझ्या हाताने, पिशवीत कोथिंबिरीखाली.

नियम मी ठरवले. शनिवारी सात वाजता, जेवणाबरोबर, एकेक ग्लास. महागडी बाटली आणायची नाही. एका बाटलीत पाच ग्लास होतात. दोन शनिवारी चार, आणि पाचवा दुसऱ्या शनिवारी अर्धा-अर्धा. थालीपीठ किंवा शेंगदाण्याची चटणी-भाकरी असली की स्वस्तातली लाल वाइनसुद्धा छान लागते. पाण्याचेच ग्लास वापरायचे. पाहुण्यांना दाखवायचं नसल्यामुळे त्याने काही अडत नाही. तो शनिवारचा तास आमच्या घरातला चांगला तास होता. चोवीस वर्षं ऑर्डरच्या भाषेत बोललेला माणूस त्या तासात जोधपूरच्या वाळूबद्दल, पठाणकोटच्या थंडीबद्दल बोलायचा.

बाटली दोन आठवडे पुरवायची म्हणून मी वहीत तिची नोंद ठेवू लागले. तारीख, ह्यांचा एक, माझा एक, बाटलीत किती बोटं उरली, आणि मधल्या बुधवारी पुन्हा एकदा बोटं लावून. दिवाळीनंतर एका बुधवारी दोन बोटं कमी भरली. पुढच्या महिन्यात पुन्हा. त्यानंतर मात्र पातळी प्रत्येक वेळी बरोबर. माझ्या मनावरचं ओझं उतरलं. तरी प्रश्न यादीतून काढला नाही. न विचारलेल्या गोष्टीपुढे बरोबरची खूण करायची माझी पद्धत नाही. घरात विचारणं जमत नव्हतं, प्रवासात जमेल असं वाटलं. गाडीत माणूस उठून दुसऱ्या खोलीत जाऊ शकत नाही.

उंब्रज

आक्कांचं गाव हायवेपासून आत आहे. त्या फाट्यावर येऊन उभ्या होत्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत भाकरी, हिरवा ठेचा आणि भरलेली वांगी.

गाडीत बसण्याआधी त्यांनी भावाकडे बघून घेतलं. "काय रं पर्ताप, गाडी बायकू चालवती आन् सुभेदार बसलाय नवरदेवागत!"

"मला रस्ता दाखवायचं काम दिलंय, आक्का."

"सरळ हायवे हाय. दाखवायचं काय त्यात?"

आक्कांबद्दल एक गोष्ट माहीत असायला हवी. गावातलं दारूचं दुकान त्यांनी बंद पाडलं. आपल्याकडे त्याची रीत आहे. गावातल्या बायांनी सह्या गोळा करून मागणी केली की मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान हवं असेल तर उभीवर शिक्का, नको असेल तर आडवीवर. आक्का तीन महिने घरोघर फिरल्या. लिहिता-वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्यांना चुलीपुढे तांब्या आडवा करून दाखवायच्या. बाटली आडवी झाली. त्या दिवशी गुलालात माखलेल्या आक्कांचा फोटो आमच्या बैठकीत लावलेला आहे. फ्रिज त्या फोटोच्या भिंतीमागेच.

आम्ही शनिवारी काय करतो ते आक्कांना माहीत नव्हतं. ह्यांनी सांगितलं नव्हतं आणि मीही नाही.

मलकापूर ते सांगली

जाणाऱ्यांसाठी सूचना. साखर कारखाने चालू असताना कराड-मलकापूरपासून पुढे घाई करू नये. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर पुढे असतात, त्यांची गाणी त्यांच्या दिव्यांपेक्षा आधी कळतात. हायवेचं काम चालू आहे, वळणरस्त्यांचे बोर्ड ऐनवेळी दिसतात. पेठ नाक्याला डावीकडे वळलं की इस्लामपूर, आष्टा आणि सांगली. हा रस्ता निवांत आहे.

पेठ नाक्याच्या पुढे एका लिंबाखाली गाडी लावून आम्ही भाकरी खाल्ली. कृष्णाकाठची वांगी आमच्याकडेही मिळतात, पण आक्का भरतात तशी मला आजवर जमलेली नाहीत. तीळ जास्त आणि गूळ नाही, एवढंच त्या सांगतात. पुढचं सांगत नाहीत.

"ह्येला लय वाढ," त्या म्हणाल्या. "चेहरा उतरलाय ह्येचा. झोप लागती का रं?"

"लागते की."

"कवा उठतुस?"

"चारला. सवय आहे."

"चारला उठून करतुस काय?"

"काय करणार? बसतो."

मी भाकरीचा तुकडा मोडत होते. चारला हे उठतात हे मला माहीत होतं. उठून स्वयंपाकघरात बसतात हेही माहीत होतं. तोपर्यंत मी या गोष्टी वहीतल्या त्या दोन बोटांशेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

विश्रामबाग

आक्कांची मुलगी रोहिणी विश्रामबागेत कॉलेजच्या मागच्या गल्लीत राहते. सांगलीकरांची एक गोष्ट मला आवडते. आमच्या साताऱ्यात पाहुणा आला की कंदी पेढ्यांचा बॉक्स उघडतात, इथे बेदाण्यांची वाटी पुढे येते. खाताना हात पटकन थांबत नाही, आणि पेढ्यासारखं पाणी मागावं लागत नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरतोय, अजून घाई नाही. दोन प्रकारचे थेंब दिले आणि जवळचा चष्मा दिला. चष्मा तिथेच तयार मिळाला. आक्का सातवीपर्यंत शिकलेल्या आहेत, पण गेली कित्येक वर्षं अक्षर लागत नव्हतं. चष्मा लावून त्यांनी पहिल्यांदा थेंबांच्या खोक्यावरचं बारीक अक्षर वाचलं, मग पावती, मग रोहिणीच्या भिंतीवरचं कॅलेंडर, महिनाभराच्या तिथ्यांसकट.

थेंबांच्या वेळा मी वहीत लिहून घेतल्या. निळ्या झाकणाचे तीन वेळा, पांढऱ्याचे दोन वेळा. वहीतलं ते पान लक्षात ठेवावं.

दुपारी आक्का आडव्या झाल्या तेव्हा आम्ही "बेदाणे घेऊन येतो" म्हणून निघालो. हे खोटं नव्हतं. अर्धं होतं.

द्राक्षांच्या पट्ट्यात

तासगाव-पलूसकडच्या या भागात फेब्रुवारीत जावं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव, आणि अधूनमधून बेदाण्यांचे शेड. शेड म्हणजे जाळीच्या मजल्यांवर मजले. त्यावर द्राक्षं पसरलेली, भोवती हिरवं कापड. बाया खाली बसून देठ काढतात. वारा असा गोड येतो की गाडीची काच वर करवत नाही.

वाइनचा कारखाना म्हटल्यावर मी दिवाणखान्यासारखं काहीतरी समजले होते. प्रत्यक्षात पत्र्याचं उंच शेड, आत स्टीलच्या टाक्या, बाहेर तुळस आणि दोन म्हशी. मालक बाळासाहेब, पन्नाशीचे, पायात चप्पल, बोलायला मोकळे. ओळखीपैकी कोणीतरी त्यांना आमचं नाव कळवलं होतं.

मी आधी परवाना दाखवला. आपल्या राज्यात दारू विकत घ्यायला आणि जवळ बाळगायला परवाना लागतो, हे बरेच जण विसरतात. मी दोघांचेही काढून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवले आहेत.

"वहिनी, पहिल्यांदाच कोणी न मागता दाखवला," बाळासाहेब म्हणाले.

"हिच्याकडे सगळ्याचा परवाना असतो," प्रतापराव म्हणाले. "माझाही हिच्याच फोल्डरमध्ये आहे."

बाळासाहेबांनी चार बाटल्या उघडल्या. मला गाडी चालवायची होती. मी तोंडात घोळवून बादलीत थुंकत होते. असं करण्यात कमीपणा नाही, चाखणारे लोक असंच करतात, असं त्यांनी सांगितलं. त्यांनी खूप उपयोगी गोष्टी सांगितल्या. लाल वाइन आपल्या उन्हाळ्यात तशीच ओतू नये, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी. महाग ती चांगली असं धरून चालू नये. त्यांच्याकडची सर्वात स्वस्त लाल त्यांच्या स्वतःच्या घरी जेवणाला असते. तिखट जेवण असेल तर किंचित गोडसर पांढरी घ्यावी. बुचाची बाटली ठेवताना आडवी ठेवावी.

"आक्काला सांगायला पाहिजे," प्रतापराव हसून म्हणाले. "इथंपण आडवीच."

ते थुंकत नव्हते. पहिल्या बाटलीतलं संपवलं, दुसऱ्यातलंही. तिसऱ्या वेळी बादली माझ्या पायाशी सरकवली आणि माझ्या ग्लासात उरलेलं होतं त्याकडे बघून म्हणाले, "हे वाया कशाला?" आणि घेतलं. चौथ्या वेळीही. घोट लहान होते. त्यात बोट ठेवण्यासारखं काही नव्हतं. बेदाण्यांबद्दल, पावसाबद्दल ते छान बोलत होते. मी मात्र मनात मोजत होते, आणि मोजते आहे हे त्यांना दिसत असणार. ते माझ्याकडे बघायचं टाळत होते.

तेव्हा मी बाळासाहेबांना विचारलं. खरोखर माहिती हवी म्हणून विचारलं. "उघडलेली बाटली किती दिवस टिकते? आमची आठ दिवस फ्रिजमध्ये असते. मागची बाटली दुसऱ्या शनिवारी चवीला पातळ लागली."

"आठ दिवस म्हणजे जास्तच, वहिनी. चार दिवसांत संपवा. वास उडतो, आंबूस होते."

"आंबूस नव्हती. पातळ होती."

बाळासाहेबांनी कपाळाला आठी घातली. "पातळ? पातळ कशी होईल?"

मी प्रतापरावांकडे पाहिलं. ते जागेवर नव्हते. शेडच्या दुसऱ्या टोकाला जाऊन एका टाकीवरचं घड्याळासारखं मीटर वाचत उभे होते, पाठ आमच्याकडे.

बाटल्या द्यायला बाळासाहेबांकडे त्या दिवशी साधी खोकी नव्हती. त्यांनी बेदाण्यांचं रिकामं खोकं आणलं, वर द्राक्षाच्या घडाचं चित्र, आत कागदाचे बोळे घालून सहा बाटल्या बसवल्या. बेदाण्यांचं आमचं खोकं त्याला जुळं. मी दोन्हींवर पेनने खुणा केल्या. यादीतलं चार आणि पाच झालं.

रविवार. सांगलीहून परत

गणपतीला सकाळी लवकर जावं, सभामंडपात निवांत बसायला मिळतं. तिथून कृष्णेच्या घाटावर आलो. नदीला पाणी कमी, घाटाच्या पायऱ्यांवर पुराच्या जुन्या खुणा. आक्कांनी चष्मा काढून पाणी पाहिलं आणि चष्मा लावून घाटावरच्या पाट्या वाचल्या. भडंग घेतलं. दुकानदाराने लसूण जास्त घातलेलं वेगळं बांधून दिलं, कांदा घरी घाला म्हणाला. सहा झालं.

डिकीत रोहिणीने दिलेल्या हळदीच्या पिशव्या आणि डबे भरल्यावर दोन खोकी मावेनात. एक खोकं मागच्या सीटवर आक्कांच्या शेजारी ठेवावं लागलं. प्रतापरावांनी ठेवलं. आष्ट्याच्या रस्त्याला लागल्यावर पहिल्याच खड्ड्यात माझ्या लक्षात आलं, कुठलं ठेवलंय ते.

खळ्ळ.

"काय वाजतंय गं?" आक्का म्हणाल्या.

"बरण्या," प्रतापराव माझ्या आधी म्हणाले. "रोहिणीनं लोणचं दिलंय."

"बेदाण्याच्या खोक्यात?"

"हो."

त्यानंतर मी प्रत्येक खड्डा चुकवत होते. आष्टा, इस्लामपूर, पेठ नाका. एवढी जपून गाडी मी शिकतानाही चालवली नव्हती. तरी ते वाजायचंच. आक्का दर वेळी खिडकीबाहेर बघायच्या.

पेठ नाक्याच्या पुढे हायवेला एक रसवंती लागते. प्रतापराव म्हणाले, रस घेऊ. ते उतरले, रांग होती. गाडी कडुलिंबाच्या सावलीत, काचा खाली, ते आमच्यापासून तीसेक पावलांवर.

"आगं, थेंब कवा घालायचं हुतं?" आक्का म्हणाल्या.

"वहीत लिहिलंय. थांबा, सांगते."

"तू नगं. दे हिकडं. चष्मा आणलाय कशाला?"

मी वही मागे दिली. थेंबांचं पान उघडून दिलं. त्यांनी चष्मा लावला आणि शाळेतल्यासारखं मोठ्याने वाचलं. "निळं झाकण, सकाळ, दुपार, संध्याकाळ. पांढरं झाकण, सकाळ, रात." वाचून त्यांना आनंद झाला. वाचायला मिळालं म्हणून त्यांनी पान उलटलं. मागे उलटलं.

"श. म्हंजी शनिवार व्हय? शनिवार. हे एक. मी एक. उरली... सहा बोटं." त्या थांबल्या. "हे काय गं?"

मी वही परत घ्यायला हात मागे केला.

त्यांनी ओळीवर बोट ठेवून पुढे वाचलं. "शनिवार. हे एक, मी एक. बुधवार. दोन बोटं कमी." पुढचं प्रश्नचिन्ह त्यांनी वाचलं नाही, नुसतं त्यावर बोट ठेवलं. मग पुढचं पान. मग त्याच्या पुढचं.

रसवंतीच्या घुंगरांचा आवाज येत होता. प्रतापराव रांगेत दुसरे होते.

"कुणी आणली घरात?" आक्का म्हणाल्या.

"मी."

"तू?"

"मी, आक्का. एकेक ग्लास, शनिवारी. द्राक्षाची. मला वाटलं..."

"काल सांजच्याला खोकं घरात आणलंत तवाच वळाकलं हुतं मी. बरण्या अशा वाजत न्हाईत. एकवीस वरसं ऐकलाय त्यो आवाज." त्यांनी खोक्यावर हात ठेवला, ते वाजू नये म्हणून धरावं तसा. "गावातली बाटली आडवी केली मी. आन् हितं मांडीला लावून आणलीया."

आता त्या मला बोलतील असं मला वाटलं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पुन्हा वही डोळ्यांजवळ धरली.

"हे बोटं मोजायचं तुला कुणी शिकिवलं?"

"कोणी नाही. माझी मीच."

"मी कोळशानं रेघ मारायची. बाटलीच्या मागल्या अंगाला, त्येला दिसू नये म्हणून. रोज कमी. रोज भांडान. मग एक दिस रेघंला बरुबर. दुसऱ्या दिशी बी बरुबर. पंधरा दिस बरुबर! मला वाटलं, देव पावला. संकष्टी धरली मी, सुनंदा. गावात पेढं वाटलं."

"मग?"

"मग काय. पाणी भरत हुता त्यो. रेघंपतूर."

मी स्टिअरिंग धरून होते. गाडी बंद होती. पातळ कशी होईल, असं बाळासाहेब म्हणाले होते. जानेवारीपासून माझ्या वहीत प्रत्येक बुधवारी पातळी बरोबर होती. दर वेळी मी बरोबरची खूण केली होती, एकदा तर दोनदा.

"काय झालं गं?"

"काही नाही."

आरशात त्या माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी चष्मा काढला, घडी केली, डबीत ठेवला. "लांबचं दिसत हुतं त्येच बरं हुतं," त्या म्हणाल्या. मग हळूच विचारलं, "इचारलंस का त्येला?"

"नाही."

"का?"

"यादीत आहे. सातव्या नंबरला."

"सातव्या!" त्या हसल्या, आणि ते हसणं मला आवडलं नाही. "माझ्या बी मनात रोज हुतं, आज इचारीन. का पितुस, काय हुतंय तुला, ह्ये एकदा बी इचारलं न्हाई गं. रेघाच मारत बसले. रेघ मारायला सोपं असतंय."

प्रतापराव तीन ग्लास दोन हातांत धरून येत होते. "बिनबर्फाचा, आक्का, आलं घालून!" त्यांनी खिडकीतून ग्लास आत दिला, आणि त्यांची नजर आक्कांच्या मांडीवर गेली. वही उघडीच होती. माझं अक्षर, माझे रकाने. त्यांना ते पान लांबूनही ओळखता आलं असणार.

"पी," आक्का त्यांना म्हणाल्या. "रस हाय."

आम्ही तिघं रस प्यायलो. चांगला होता. जाणाऱ्यांनी तिथे थांबावं.

पुन्हा उंब्रज

फाट्यावर आक्का उतरल्या. प्रतापरावांनी त्यांची पिशवी आणि बेदाणे उतरवले. या वेळी खरे बेदाणे, मी दोनदा बघून दिले. आक्का माझ्या खिडकीशी आल्या.

"फोडू नगंस त्या," खोक्याकडे मान करून त्या म्हणाल्या. "आमी लय फोडल्या. काचा येचायला आपुनच लागतो."

"तुम्ही माझ्यावर रागावला असाल."

"रागावले. घरला जाऊन आजून रागवीन. आता येळ न्हाई." मग ह्यांच्याकडे वळून, सगळ्या फाट्याला ऐकू जाईल अशा आवाजात, "पर्ताप, सुनंदाला तुला काय तरी इचारायचंय. खरं सांग तिला. मला सांगितलंस तसं सांगू नगंस."

ह्यांनी खाली वाकून त्यांच्या पायाला हात लावला. आक्का चालू लागल्या, मागे वळून पाहिलं नाही.

उंब्रज ते सातारा

अतीतपर्यंत माझा हात गिअरवर, डोळे रस्त्यावर. मी वाक्य जुळवत होते. दोन बोटांपासून सुरू करावं की चार वाजल्यापासून? पाण्यापासून? का त्या पहिल्या पिशवीपासून, कोथिंबिरीखालच्या? नागठाणे आलं तेव्हा तेच म्हणाले, "काय विचारायचं होतं?"

साधा प्रश्न. आवाज शांत. ते वाट बघत होते, आणि मला वाटतं, त्यांना हवंही होतं.

समोरून ट्रॉली येत होती. ती जाऊ दिली.

"दूध घ्यायचं का वाटेत?" मी म्हटलं.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "घेऊ."

आणखी थोड्या वेळाने, "एवढंच?"

"एवढंच."

दूध घेतलं. घरी आल्यावर त्यांनी खोकं उचलून आत आणलं आणि कपाटाच्या खालच्या खणात सहाही बाटल्या एकेक करून ठेवल्या. आडव्या. मला न विचारता, शेजारी शेजारी, बॅरॅकमधल्या बिछान्यांसारख्या सरळ.

आज गुरुवार. प्रवासाचं लिहून काढायचं ठरवलं होतं, ते झालं. आक्कांना फोन केला, थेंब वेळेवर चालू आहेत. भडंग संपत आलं. हळद बरणीत भरली. फ्रिजमध्ये अर्धी बाटली आहे, दोन आठवड्यांपूर्वीची. काल बुधवार होता. मी तिच्यापाशी गेले नाही, बोटं लावली नाहीत, वहीत त्या पानावर काही लिहिलं नाही. गेल्या दोन वर्षांत पहिल्यांदा तो रकाना मोकळा आहे.

सकाळी चारला हे उठले तेव्हा मी जागी होते. मीही उठेन असं ठरवून पडले होते. घड्याळ बघत पडून राहिले.

एक ते सहा, खुणा झाल्या. संध्याकाळचे सहा वाजलेत. मी बैठकीतल्या जेवणाच्या टेबलावर लिहीत बसले आहे, भिंतीवर आक्कांचा गुलालातला फोटो. आत्ता स्वयंपाकघरात फ्रिजचं दार उघडलं. माझं पेन थांबलं.

"चहा ठेवतोय," आतून आवाज आला. "घेणार ना?"

"ठेवा," मी म्हटलं.

सात बाकी आहे.